हात आधी, चेहरा नंतर

१

तुमच्या घरी किंवा नात्यात कोणाकडे, भिंतीवर गेलेल्या बाईचं चित्र आहे का? छापलेलं नव्हे, तेलरंगात हाताने काढलेलं. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या बाजूचं असेल तर एक काम करा. चेहरा सोडा, मांडीवर ठेवलेले हात बघा. डाव्या हाताची करंगळी मधल्या पेरापासून आत वळलेली असेल, तर ते हात त्या बाईचे नाहीत. माझे आहेत.

माझं नाव शालन. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका औषधाच्या कंपनीत मी गोळ्यांच्या पॅकिंगला आहे. माझे मिस्टर म्हणजे प्रमोद पेंटर. शिवमंदिराच्या बाजूला कोणालाही विचारा, घर दाखवतील.

करंगळीचं म्हणाल तर शाळेत असताना ती दारात चेंगरली. हाड बसवणाऱ्याने बांबूची कामटी लावून बांधली, ती वाकडीच जुळली. दुखत नाही, काम अडत नाही. फक्त भाकरी थापताना ती मध्ये येते आणि भाकरीच्या कडेला एक बारीक खाच पडते. आमची प्रीती लहानपणी त्या खाचेला आईची सही म्हणायची. विहारात सगळ्या बायकांनी भाकऱ्या करून एका टोपलीत ठेवल्या, तरी हे कडेवरून बोट फिरवून माझीच भाकरी उचलायचे.

एवढं लक्षात ठेवा. पुढे लागेल.

२

यांचं शिक्षण कुठल्या आर्ट स्कूलमध्ये झालेलं नाही. जायचं होतं, पण वडील अचानक गेले आणि ते राहून गेलं. शिकले ते दोन ठिकाणी.

पहिलं ठिकाण शिवमंदिराची बाहेरची भिंत. शाळा बुडवून हे तिथे वही घेऊन बसायचे. आजी ओरडायची की आपण देवळात जात नाही, तू तिथे काय करतोस. हे म्हणायचे, मी आत कुठे जातो, मी भिंतीकडे बघतो. त्या भिंतीवर दगडाच्या बायका आहेत. शेकडो वर्षांच्या पावसापाण्याने बऱ्याच जणींचे चेहरे झिजून गेलेत. नाक नाही, डोळ्यांच्या जागी नुसती खोलगट सावली. पण खांदे, कंबर, हात असे, की आता पदर सावरतील. हात काढायला हे तिथे शिकले. माझ्या पहिल्या गुरू बिनचेहऱ्याच्या, असं हे हसून सांगायचे.

दुसरं ठिकाण उल्हासनगरच्या कॅम्पातला हासानंद दादांचा फोटो स्टुडिओ. काळ्या-पांढऱ्या फोटोंवर ब्रशने रंग भरायचं काम यांना तिथे मिळालं. गिऱ्हाईक म्हणायचं, आईला जरा गोरी करा, गालावरचा डाग काढून टाका. दादा पान चघळत यांना म्हणायचे, "बेटा, जो दिखता है वो बना. जो नहीं दिखता, वो ग्राहक घर जाके अपने आप देख लेगा."

तेव्हापासून यांचा एकच नियम. जे समोर दिसतं तेच काढायचं. ना कमी, ना जास्त.

कामाची पद्धतही ठरलेली. जिवंत माणूस समोर बसला असेल तर सुरुवात डोळ्यांपासून. हे म्हणतात, जिवंत माणूस क्षणात बदलतो, आधी त्याला पकडलं पाहिजे. गेलेल्या माणसाचं चित्र असेल तर उलटं. हात आधी, चेहरा नंतर. चेहरा फोटोत असतो, तो कुठे पळून जात नाही. हातांसाठी मात्र कोणाला तरी बसवावं लागतं.

त्या कोणाला तरी म्हणजे मला.

३

आयुष्यभर बाईचा धड फोटो कोणी काढत नाही. गेल्यावर सगळ्यांना मोठा फोटो हवा असतो. मग मुलं काय घेऊन येतात? रेशनकार्डावरचा, नाहीतर कोणाच्या तरी लग्नातला, शेजारच्या माणसाचा कान आलेला. सोबत तिची एक साडी. हे मला ती साडी नेसवून खुर्चीवर बसवायचे. खिडकी उत्तरेला, तिथून उजेड एकसारखा येतो. खुर्चीच्या चारही पायांभोवती जमिनीवर खडूने खुणा करायचे, म्हणजे दुसऱ्या दिवशी खुर्ची तसूभर हलायला नको. मी कंपनीतून यायचे, हातपाय धुवायचे आणि गेलेल्या बाईची साडी नेसून गप्प बसायचे. बोललं की खांदे हलतात, म्हणून बोलायचं नाही.

लग्न झाल्यापासून हेच. किती बायकांसाठी बसले मी, मोजलं नाही. आमच्या समाजात माणूस गेल्यावर पुण्यानुमोदनाचा विधी असतो, त्या दिवशी चित्रावरचं कापड बाजूला करतात आणि सगळे हात जोडतात. मीही गर्दीत उभी राहून माझ्याच हातांना हात जोडलेत.

एकदा उल्हासनगरचं एक कुटुंब चित्र न्यायला आलं. सून चित्रासमोर उभी राहिली आणि रडायलाच लागली. "चेहरा छोड़ो, ये हाथ देखो. बिल्कुल मम्मी के हाथ हैं." मी तिच्यापुढे चहाचा ट्रे धरून उभी होते. त्याच हातांनी. तिने कप उचलला, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आणि सगळ्यांत मोठी गंमत सांगू? काही घरं अशी होती की त्यांच्या आईला आमच्या हातचं पाणी चाललं नसतं. त्यांना कुठे माहीत होतं की साडी कोण नेसतंय? ते विचारत नव्हते, हे सांगत नव्हते. आज त्या घरांतून माझे हात भिंतीवर हार घालून बसलेत. रोज उदबत्ती ओवाळतात. मला राग येत नाही असं म्हणणार नाही. येतो.

एकाच माणसाने हातांवरून वाद घातला. बदलापूरच्या हेंद्रेपाड्याचा राजू. त्याची आई अंजनीबाई गेली होती. तो म्हणाला, आईच्या मनगटावर तुळस गोंदलेली होती, ती काढा. हे नाही म्हणाले.

"माझ्या आईचे हात मला माहीत आहेत, पेंटर."

"मला माहीत नाहीत, भाऊ. माझ्यासमोर जे हात बसले त्यांच्यावर तुळस नाही. मी कुठून काढू?"

मी आत तिचीच साडी सोडत होते. दाराच्या फटीतून बघितलं तर राजू चित्रातल्या त्या कोऱ्या मनगटावरून अंगठा फिरवत बसला होता. रंग ओला होता, त्याच्या अंगठ्याला लागला. मग चित्र घेऊन गेला, पण जाताना राम राम केला नाही.

४

आता कोणी चित्रं काढून घेत नाही. मोबाइलवरून फोटो पाठवला की कॅनव्हासवर छापून देतात, हार, दिवा, मागे ढग, सगळं तयार. यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदूही आलाय. मोतीबिंदू काढायचा ठरला तेव्हा प्रीती घरी आली आणि म्हणाली, "बाबा, त्याच्याआधी एक चित्र काढा. आईचं. जगभरच्या बायकांसाठी तिला बसवलंत, तिचं स्वतःचं एक नाही घरात."

 हे म्हणाले, खरं आहे.

मला काय वाटलं ते लिहिता येणार नाही. मी ती जांभळी साडी काढली, हिरव्या काठांची, प्रीतीच्या लग्नातली. एकच अट घातली. माझं चित्र डोळ्यांपासून सुरू करायचं, कारण मी जिवंत आहे. आणि करंगळी जशी आहे तशी. एवढी वर्षं ती दुसऱ्यांना दिली, एकदा मला हवी आहे. हे म्हणाले, दिसेल तेच काढणार, तुला माहीत नाही का.

रविवारी बसायचं ठरलं, कारण बाकीचे दिवस मी कंपनीत. पहिल्या रविवारी नुसती मांडणी झाली. खुर्ची ठेवली, खडूच्या खुणा केल्या, समोरच्या भिंतीवर आरसा लावला. चित्र आरशात उलटं बघितलं की चूक सापडते, ही यांची जुनी सवय. मला हात मांडीवर ठेवायला सांगितले. तेवढ्यात ढग आले, उजेड गेला. पुढच्या रविवारी सुरू करू म्हणाले.

दोन-तीन दिवसांनी कंपनीतून घरी आले. दारातच टर्पेंटाइनचा वास. ईझलवर कॅनव्हास, कॅनव्हासवर जांभळी साडी, हिरवे काठ आणि मांडीवर दोन हात. चेहऱ्याच्या जागी काही नाही, नुसतं कोरं.

"हे काय?" मी विचारलं.

"जमलंय ना?" हे ब्रश पुसत म्हणाले. खुशीत होते.

"मी नसताना कसं काढलंत?"

"नसताना कशी? दुपारी बसलीस की."

मी चप्पलसुद्धा काढली नव्हती. हातात डब्याची पिशवी होती. म्हटलं, मी आत्ता येतेय, पॅकिंगच्या लाइनवरून. हे माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, तू दुपारी आलीस, साडी नेसून खुर्चीत बसलीस. बोलली नाहीस म्हणून मीही बोललो नाही. सीटिंगला तू कधी बोलतेस?

मी चित्राजवळ गेले. हात आधी काढलेले. आणि डावी करंगळी सरळ, इतर बोटांसारखी.

"हे माझे हात नाहीत."

"दिसले ते काढले," हे म्हणाले.

५

आधी मला भीती वाटली नाही. राग आला. माझ्या जागी कुठलीही बायको असती तर तिच्या मनात जे आलं असतं तेच माझ्या आलं. कोणीतरी बाई येते. माझी साडी नेसते, माझ्या खुर्चीत बसते, आणि हा माणूस डोळ्याच्या नावाखाली मला फसवतो. कपाट उघडून साडी बघितली. माझी घडी नव्हती. मी चौकोनी घडी घालते. ही लांबट होती, पदर आत घेऊन, जुन्या बायका घालायच्या तशी.

खालच्या मजल्यावर भावना राहते. तिचे हात सुंदर आहेत, बोटं सरळ. मी तडक खाली गेले आणि तोंडावर विचारलं.

भावना पाळणाघर चालवते. एक पोर काखेत, एक पायाशी. तिने आधी ऐकून घेतलं, मग हसत सुटली. "ताई, मला दुपारी नाक पुसायला वेळ नसतो, आणि तुमच्या पेंटरसमोर नटून बसू? तेही फुकट?" मग तिचं हसू थांबलं. म्हणाली, "पण कोणीतरी होतं हां वर. मला वाटलं तुम्हीच सुट्टी घेतलीत. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. आणि बांगड्या वाजत होत्या."

आमच्या लाइनवर बांगडी, अंगठी काही चालत नाही. नोकरीला लागले तेव्हापासून मी काचेच्या बांगड्या घातलेल्या नाहीत. घरात आहेतच कुठे?

वर आल्यावर खुर्ची बघितली. चारही पाय खडूच्या खुणांत बरोबर बसले होते. खुणा मात्र जाड झाल्या होत्या, कोणीतरी पुन्हा पुन्हा गिरवल्यासारख्या.

६

यांना विचारलं तर म्हणाले, मी गिरवल्या नाहीत. भांडण नको म्हणून मी रविवारची वाट बघायची ठरवली. रविवारी मी स्वतः बसेन, चित्रातले हात पुसायला लावून नव्याने काढून घेईन.

पण चित्र थांबेना. एक दिवस आले तर उजव्या अंगठ्याजवळ भाजल्याचा जुना डाग. मला असा डाग नाही. यांनी रंग खरवडायचं पातं घेऊन आधीचा हात खरवडला होता आणि नवा काढला होता. म्हणाले, आज हात वेगळे ठेवलेस. पुढच्या खेपेला बोटावर अंगठी काढून टाकल्यासारखा पांढरट वण. हात बदलत होते, साडी तीच, खांदे तेच, चेहरा कोराच. आणि चित्र इतकं चांगलं होत चाललं होतं की काय सांगू. यांनी आयुष्यात इतकं खरं काही काढलं नव्हतं. नखाखालची कणीक दिसत होती.

मी मनाला समजावत होते. मोतीबिंदूमुळे एकाचं दुसरं दिसतं. वय झालं. जुनी चित्रं डोळ्यांत राहिलीत, तीच उतरताहेत. डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, मोतीबिंदूने धूसर दिसतं, पण नसलेला माणूस दिसत नाही.

शनिवारी आले तेव्हा चित्रातल्या मनगटावर तुळस होती. हिरवट, जुन्या गोंदणाची, कडा पसरलेली. खाली छोटं वृंदावन.

मी तिथेच जमिनीवर बसले. अंजनीबाई.

तेव्हा मला कळलं कोण येतंय. एक नाही. सगळ्या. ज्यांना स्वतःच्या चित्रात स्वतःचे हात मिळाले नाहीत त्या सगळ्या, पाळीपाळीने.

आणि खरं सांगते, मी घाबरले, पण त्याहून जास्त संतापले. मी काय घेतलं होतं त्यांचं? मी कामावरून थकून यायचे आणि त्यांच्या जागी बसायचे. मुंग्या आल्या तरी हात हलवायचे नाही. त्यांच्या सुना रडल्या, त्यांच्या मुलांनी हार घातले, माझं नाव कोणी विचारलं नाही. हात चुकले असतील तर ते काढणाऱ्याला जाऊन विचारा. मी तर तुमच्यासारखीच बसवलेली बाई. आयुष्यात एक चित्र मागितलं मी, एक. तेवढंही सोडू नये?

७

त्याच संध्याकाळी हे जेवता जेवता म्हणाले, "शालन, तुझा पासपोर्ट साइझ फोटो आहे का एखादा?"

माझा घास हातात राहिला. "कशाला?"

"चेहऱ्यासाठी. हात होत आलेत."

"मी तुमच्यासमोर बसले आहे. जेवते आहे. माझ्या चेहऱ्याला फोटो कशाला लागतो?"

हे ताटात बघत राहिले. मग हळू म्हणाले, "दुपारी बसतेस ना, तेव्हा तुझा चेहरा नीट दिसत नाही गं. बघायला जातो तर सावलीच येते."

"खिडकी समोर आहे. सावली कुठून येईल?"

यांनी ताट बाजूला सरकवलं. म्हाताऱ्या माणसाने उपरण्याने डोळे पुसावे तसे बनियनच्या कडेने डोळे पुसले. मला वाटतं, मनातून यांना माहीत होतं. पण दिसतं ते काढायचं एवढंच शिकलेला माणूस. दिसू नये ते दिसलं तर काय करायचं, हे दादांनीही शिकवलं नव्हतं आणि दगडांनीही.

फोटो मी दिला नाही. घरातले होते नव्हते ते गोळा करून प्रीतीकडे पाठवून दिले. उद्या रविवार, उद्या मी बसणार, असं यांना बजावलं.

पण रविवारी सकाळी यांच्या डोळ्याला पाणी आलं, लाल झाला, ब्रश धरवेना. सीटिंग राहिली.

८

सोमवारी कामावर गेले खरी, पण लाइनवर माझं लक्ष लागेना. गोळ्यांच्या पट्ट्या पुढे सरकत होत्या आणि मी त्यांच्यामागे माझेच हात बघत होते. दुपारी सुपरवायझरकडून अर्धी सुट्टी घेतली, रिक्षा केली. उन्हं कडक होती. भावनाची पोरं झोपली होती, जिन्यात चिडीचूप.

वरून बांगड्यांचा आवाज आला. दोन-तीनच, काच काचेला लागावी तसा. हात मांडीवर नीट ठेवताना होतो तसा.

दार लोटलेलं होतं. आमचं दार उघडलं की कपाट आडवं येतं, खुर्ची सरळ दिसत नाही. समोरच्या भिंतीवरच्या आरशात दिसते.

आरशात हे दिसले, पाठमोरे, ब्रश घेऊन. त्यांच्या पलीकडे माझी जांभळी साडी. माझे खांदे, किंवा माझ्यासारखे. मांडीवर हात. हातांत काचेच्या हिरव्या बांगड्या, कोपरापर्यंत. मनगटावर काय आहे ते बघायला मी थांबले नाही, कारण माझी नजर वर गेली.

तिथे चेहरा होता, पण झिजलेला. बाकी काही सांगता येणार नाही. शिवमंदिराच्या भिंतीवर बघा, कळेल.

ती माझ्याकडेच बघत होती, असं मला वाटलं. डोळे नव्हते तरी.

माझ्या जागी दुसरी असती तर पळाली असती.  पण त्या साडीचे काठ दिसले आणि डोकंच फिरलं. प्रीतीच्या लग्नात तीन दुकानं हिंडून घेतलेली साडी. मी चप्पल घालूनच आत गेले आणि कपाटाशी उभी राहून म्हटलं, "बाई, उठा. ही खुर्ची माझी आहे."

बांगड्या वाजल्या. खुर्चीचा एक पाय जमिनीवर घासला.

"कोणाला सांगतेस?" हे वळून म्हणाले.

मी कपाट ओलांडून पुढे झाले तेव्हा खुर्ची रिकामी होती. एक पाय खडूच्या खुणेबाहेर गेला होता. साडी बैठकीवर पडली होती, लांबट घडी घालून, पदर आत.

मी ती घडी मोडली आणि तिथल्या तिथे अंगावरच्या कपड्यांवर साडी नेसले. खुर्ची खुणेत सरकवली. बसले. बैठक गार होती, दगडासारखी.

"काढा," मी म्हटलं. "डोळ्यांपासून."

यांनी वाद घातला नाही. एक डोळा मिटून, माझ्याकडे बघत काढायला लागले. कितीतरी वर्षांनी हे माझ्याकडे असं बघत होते, दुसऱ्या कोणाचे हात शोधत नव्हते. डोळे झाले, नाक झालं, कपाळावरचा देवीचा व्रण झाला. मी म्हटलं, आता हात. यांनी ती तुळस, त्या बांगड्या, सगळं पात्याने खरवडलं. मी डावा हात वर ठेवला, करंगळी पुढे. यांनी ती काढली, आत वळलेली, मधल्या पेरापासून, जशी आहे तशी.

उजेड जाईपर्यंत बसले. हाताला मुंग्या आल्या, मग मुंग्याही थांबल्या. हात आहे की नाही कळेना. पण मी हलले नाही. शेवटी हे म्हणाले, झालं. मी उठून बघितलं. मीच होते. थोडी चिडलेली, पण मीच. माझ्या घरात, माझ्या साडीत, माझे हात.

भावनाला वर बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "ताई, आता उठून भांडाल असं वाटतंय." मी हसले. त्या रात्री गाढ झोप लागली.

९

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डब्यासाठी भाकरी केली. यांनी पहिली भाकरी उचलली, सवयीने कडेवरून बोट फिरवलं. मग भाकरी उलटी करून पुन्हा फिरवलं. खाच कुठेच नव्हती. भाकरी अगदी गोल होती. मी परातीतले हात मागे घेतले; डावी करंगळी सरळ होती, इतर बोटांसारखी. यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग ईझलवरच्या चित्राकडे, आणि विचारलं, "भाकरी कोणी केली?"